पडीक जमिनीवरील नैसर्गिक पुनर्वाढ

पडीक जमिनीवरील नैसर्गिक पुनर्वाढ म्हणजे लागवड थांबलेल्या जमिनीवर बी न पेरता वा रोप न लावता वनस्पती पुन्हा उगवून येणे व त्याबरोबर मृदेचा कस क्रमाक्रमाने भरून येणे. ही एक परिसंस्थीय प्रक्रिया असून तिला वनस्पतिशास्त्रात दुय्यम अनुक्रमण म्हणतात. या प्रक्रियेतून उभ्या राहणाऱ्या वनास दुय्यम वन अशी संज्ञा आहे. उष्ण कटिबंधातील वर्षावनांच्या प्रदेशांत भरपूर पाऊस व बारमाही उष्णता यांमुळे पुनर्वाढ वेगाने होते. कमी पावसाच्या पानझडी वनांच्या प्रदेशात ती मंद असते.

महाराष्ट्रात या प्रक्रियेची दोन्ही रूपे पाहावयास मिळतात. कोकण व सह्याद्रीच्या माथ्यावरील अतिपावसाच्या पट्ट्यात वरकस जमिनींवर, तर तापीच्या खोऱ्यातील खानदेशात शुष्क पानझडी वनांच्या टापूत ती घडत आली आहे. खानदेशात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फार मोठे लागवडीखालील क्षेत्र ओस पडून त्यावर रान माजले होते. अलीकडच्या काळात धुळे जिल्ह्यातील बारीपाडा या गावाने उजाड झालेले वन राखून पुन्हा उभे केले आहे.

संज्ञा

शेतीच्या व्यवहारात लागवड न केलेल्या जमिनीस ‘पड’ किंवा ‘पडीक’ म्हणतात. जमिनीचा कस भरून यावा म्हणून शेतकऱ्याने मुद्दाम ठेवलेली पड आणि माणसे गाव सोडून गेल्याने, पाण्याअभावी अथवा कर्जामुळे ओस पडलेली जमीन, या दोहोंत भेद आहे. पहिल्या प्रकारात जमिनीस ठरावीक विश्रांती मिळते व ती पुन्हा नांगराखाली येते. दुसऱ्या प्रकारात विश्रांतीची मुदत ठरलेली नसते.

जंगलाचा तुकडा तोडून, वाळलेला पाला व फांद्या जाळून, राखेत दोन-तीन वर्षे पीक घेऊन मग ती जागा पड टाकणे, या पद्धतीस स्थलांतरित शेती म्हणतात. ईशान्य भारतात ती ‘झूम’, मध्य भारतातील बैगा समाजात ‘बेवर’, कानडा व दक्षिण कोकणात ‘कुमरी’ आणि ठाणे-कुलाबा भागात ‘दळी’ या नावांनी ओळखली जाते.

सरकारी कृषी आकडेवारीत पडीक जमिनीचे वर्गीकरण मुदतीनुसार होते. चालू वर्षी पेरणी न झालेली जमीन ‘चालू पड’, एक ते पाच वर्षे न पेरलेली ‘इतर पड’ आणि पाच वर्षांहून अधिक काळ न पेरलेली ‘लागवडयोग्य पडीक’ या सदरात धरली जाते. मृदेचा कस भरून येण्यास व झाडोरा वाढीस लागण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे जमीन सुधारू लागते, त्याच सुमारास दप्तरी तिची नोंद वाया असलेल्या जमिनीत होते.

पुनर्वाढीचे टप्पे

अतिपावसाच्या प्रदेशात पड टाकलेल्या शेतावर पहिल्याच पावसाळ्यात तणे व गवते माजतात. यांतील पुष्कळशी तणे पीक उभे असतानाच शेतात असतात. जमिनीतील बीजसाठा आणि वाऱ्याने उडून येणारे हलके बी यांपासून त्यांचा विस्तार होतो. कोकणात व सह्याद्रीत या टप्प्यावर टाकळा, निरनिराळी गवते व अमेरिकेतून आलेली रानमोडी यांचे प्राबल्य असते.

दुसऱ्या टप्प्यात झुडपे व प्रकाशप्रिय वृक्ष डोके वर काढतात. यांना अग्रगामी प्रजाती म्हणतात. चांदाडा हा सह्याद्रीतील अशा वृक्षांचा ठळक नमुना आहे. त्याची पाने मोठी व ढालीसारखी असून लाकूड हलके असते, वाढ झपाट्याने होते व आयुष्य तुलनेने थोडे असते. याच काळात कुडा, करवंद, मुरुडशेंग, दिंडा, धायटी इत्यादींची दाट जाळी तयार होतात. काटेरी जाळीत गुरांचे तोंड पोहोचत नाही. त्यामुळे तिच्या आश्रयाने मोठ्या वृक्षांची रोपे वाढू शकतात.

तिसऱ्या टप्प्यात वृक्षांचे छत्र जुळते. जमिनीवर पडणारा प्रकाश कमी झाल्याने गवत व प्रकाशप्रिय तणे मागे हटतात. सावलीत उगवू शकणाऱ्या प्रजाती आता खाली रुजतात. त्यांचे बी बहुधा मोठे व गरयुक्त फळात असते. ते वाऱ्याने येत नाही. बुलबुल, धनेश, वटवाघळे, उदमांजर यांसारखे प्राणी ते वाहून आणतात. जवळपास जुने वन वा देवराई नसल्यास हा टप्पा फार लांबतो किंवा अपुरा राहतो.

पुनर्वाढ केवळ बियांपासून होत नाही. शेत मोकळे करताना वृक्षांचे बुंधे व मुळे जमिनीत राहिली असतील, तर त्यांना धुमारे फुटतात. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, साग, धावडा हे वृक्ष खुंटापासून उत्तम फुटतात. पळसाला मुळांपासूनही फुटवे येतात. जमिनीखाली तयार असलेल्या मुळांचे बळ मिळत असल्याने असे फुटवे बीपासून आलेल्या रोपांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. खोल नांगरट करून किंवा यंत्राने खुंट उपटून काढल्यास पुनर्वाढीचा हा मार्ग बंद होतो.

मृदेतील बदल

वर्षावनाची हिरवीगार समृद्धी पाहून तेथील मृदा अत्यंत सुपीक असावी असा समज होतो. प्रत्यक्षात अतिपावसाच्या पुष्कळ प्रदेशांत मृदा निकस असते. हजारो वर्षांच्या पावसाने चुना, पालाश, मॅग्नेशियम यांसारखी विद्राव्य द्रव्ये झिरपून गेलेली असतात व लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरलेली असतात. कोकणातील जांभा हा याच क्रियेचा परिणाम होय. अशा ठिकाणी पोषकद्रव्यांचा मोठा भाग मातीत नसून झाडांच्या शरीरात, पालापाचोळ्यात आणि मातीच्या वरच्या पातळ थरात असतो. पाने गळतात, काही महिन्यांत कुजतात आणि त्यांतून मोकळी झालेली द्रव्ये मुळे व त्यांच्याशी सहजीवन करणारी कवके लगेच शोषून घेतात.

वन तोडून जाळल्यावर राखेमुळे मातीची आम्लता कमी होते, म्हणजेच सामू वाढतो. चुना, पालाश व स्फुरद पिकास एकदम उपलब्ध होतात. मात्र नत्र व गंधक यांचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो. पहिल्या वर्षी पीक जोमदार येते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी राखेतील द्रव्ये वाहून वा झिरपून जातात, सेंद्रिय कर्ब घटतो, तणे वाढतात आणि उत्पन्न उतरते. शेतकरी जमीन पड टाकतो तो या टप्प्यावर. पीटर नाय व डेनिस ग्रीनलंड यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या स्थलांतरित शेतीखालील मृदेवरील ग्रंथात या चक्राची शास्त्रीय मांडणी केली. तो या विषयावरील आधारभूत ग्रंथ मानला जातो.

पड काळात मृदा पुढील प्रकारे सुधारते :

• खोल गेलेली मुळे खालच्या थरातील द्रव्ये वर ओढतात व पानगळीद्वारे ती पृष्ठभागावर येतात.
• शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र मातीत स्थिर करतात.
• पालापाचोळ्याचा थर पावसाच्या थेंबांचा मारा झेलतो, त्यामुळे धूप थांबते.
• गांडुळे, वाळवी व मुळे यांच्या हालचालींनी माती सच्छिद्र होऊन पाणी अधिक मुरते.
• सावलीमुळे मातीचे तापमान उतरते व सेंद्रिय द्रव्य साठू लागते.

या साऱ्या क्रियांचा वेग सारखा नसतो. पाणी मुरण्याची क्षमता व वरच्या थरातील सेंद्रिय कर्ब यांत काही वर्षांतच फरक दिसतो. स्फुरदाची भरपाई मात्र कठीण असते, कारण हवेतून स्फुरद मिळत नाही आणि जांभ्या मातीतील लोह ते घट्ट धरून ठेवते. धुपून गेलेला मातीचा थर परत येण्यास लागणारा काळ मानवी आयुर्मानाच्या मापात बसत नाही.

गतीवर परिणाम करणारे घटक

पड किती वर्षे राहिली याइतकेच तिचा आधीचा वापर कसा झाला यालाही महत्त्व असते. ब्राझीलमधील पारा राज्यात पारागोमिनास परिसरात क्रिस्टोफर उल व सहकाऱ्यांनी सोडून दिलेल्या कुरणांचा अभ्यास करून १९८८ मध्ये निष्कर्ष मांडले. हलका वापर झालेल्या कुरणांवर दर हेक्टरी दरवर्षी सुमारे १० टन जैवभार वाढत होता. यंत्राने खुंट काढून वारंवार वापरलेल्या कुरणांवर हेच प्रमाण सुमारे ०.६ टन होते. पाऊस व हवामान एकच असूनही केवळ पूर्ववापरामुळे एवढा फरक पडला.

बीजस्रोताचे अंतर हा दुसरा घटक होय. महाराष्ट्रातील देवराया या दृष्टीने मोलाच्या ठरतात. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांतील वनस्पतिसंपदेकडे लक्ष वेधले. भोवतालचे वन नष्ट झाल्यावरही मूळच्या प्रजाती देवराईत शिल्लक राहतात व तेथून त्यांचे बी भोवतालच्या पडीक जमिनींवर पोहोचू शकते.

वणवा आणि चराई हे पुनर्वाढ रोखणारे प्रमुख घटक आहेत. वारंवार वणवे लागल्यास आगीला तोंड देणारी गवतेच टिकतात. आग्नेय आशियात ‘आलंग-आलंग’ या गवताने अशी विस्तीर्ण क्षेत्रे व्यापली आहेत. तेथे वन परतत नाही. परदेशी वनस्पतींचे आक्रमण हाही मोठा अडथळा आहे. सह्याद्रीत घाणेरी व रानमोडी, तर तापी खोऱ्यातील पडीक जमिनींवर व नाल्यांकाठी वेडी बाभूळ फैलावली आहे. या वनस्पती उघड्या मातीला आवरण देतात, तथापि त्यांच्या दाट वाढीखाली स्थानिक वृक्षांची रोपे क्वचितच तग धरतात.

कोकण व सह्याद्री

कोकणात भातशेतीच्या सखल खाचरांव्यतिरिक्त डोंगरउतारावरील हलक्या जमिनीस वरकस म्हणतात. या जमिनीवर नाचणी, वरी, हरीक, कारळा, तीळ यांची फेरपालट करून काही वर्षे पीक घेतले जाई व नंतर ती काही वर्षे पड ठेवली जाई. पड काळात तिच्यावर गवत व झाडोरा येई. त्यातून गुरांना चारा, घराला शाकारणी व चुलीला सरपण मिळे. भाताचे रोप तयार करण्यासाठी वाफ्यावर शेण, पाला, फांद्या व गवत पसरून जाळण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. राबासाठी लागणारा टाहाळही वरकस व लगतच्या वनांतूनच येई. अशा रीतीने वरकसाची पड खाचरातील भाताशी जोडलेली होती.

ब्रिटिश अंमलात वनविभागाचा दृष्टिकोन स्थलांतरित शेतीच्या विरोधात होता. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून १८४७ मध्ये नेमले गेलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी कुमरीमुळे वने व पाण्याचे झरे नष्ट होतात असे मत मांडले. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव वनांतील हक्क आकुंचित झाले. राबाचा टाहाळ तोडण्यावर आलेल्या निर्बंधांविरुद्ध ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तीव्र असंतोष निर्माण झाला. या तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमण्यात आला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला.

या धोरणाचा जमिनीवर उलटा परिणामही झाला. फिरण्यास जागा कमी पडल्याने त्याच त्या तुकड्यांवर लवकर लवकर पीक घेणे भाग पडले व विश्रांतीचा काळ घटला. त्यामुळे ज्या ऱ्हासासाठी पद्धतीला दोष दिला गेला, त्यातील काही भाग तिच्यासाठी उरलेल्या अपुऱ्या जमिनीचा होता.

विसाव्या शतकात मुंबईकडे झालेल्या स्थलांतरामुळे कोकणातील पुष्कळ वरकस जमिनी कायमच्या पड राहिल्या. त्यांतील काहींवर ऐन, किंजळ, जांभा, कुंभा, अंजनी इत्यादींचे दुय्यम वन आले. मात्र सरपण व कोळशासाठी ठरावीक वर्षांनी तोड होत असल्याने असे वन बहुधा कोवळ्या अवस्थेतच राहते. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे मोठ्या क्षेत्रावर आंबा व काजूच्या बागा आल्या आणि पडीक जमिनीचा हा पर्याय पुढे आला.

कोयना व चांदोली परिसरात निराळी स्थिती आढळते. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये, तर चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये घोषित झाले. २०१० मध्ये या दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. धरणे व अभयारण्य यांमुळे उठलेल्या गावांची शेते तेथे पड आहेत. जुन्या वनाच्या सान्निध्यातील अशा काही शेतांवर झाडोरा परतत आहे, तर काही जागी गवताळ मोकळवने टिकून असून गवे व सांबर तेथे चरतात.

खानदेश

प्राकृतिक पार्श्वभूमी

खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, वर्षावने नाहीत. तापीच्या खोऱ्यात धरणगाव-जळगाव परिसरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिमी पाऊस पडतो व तोही प्रामुख्याने चार महिन्यांत. सातपुडा व सह्याद्रीच्या शाखांवर साग, ऐन, धावडा, सालई, खैर, मोह, टेंभुर्णी, पळस यांची पानझडी वने आहेत. अंजन हा खानदेशातील कोरड्या, खडकाळ जमिनीवरचा वैशिष्ट्यपूर्ण वृक्ष आहे. त्याचे रोप आरंभी वर फारसे वाढत नाही; आधी मूळ खोल घालते. दुष्काळी प्रदेशातील पुनर्वाढ डोळ्यांना उशिरा का दिसते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

येथील मृदाही कोकणाहून भिन्न आहे. तापीकाठची काळी, खोल, चिकण माती पोषकद्रव्ये धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती भेगांत पडते व पावसात ती फुगते, त्यामुळे तिची आपोआप उलथापालथ होते. साहजिकच येथे पड टाकलेल्या जमिनीचा कस हा मुख्य प्रश्न नसतो. कुंदा व हरळी यांसारखी खोल व चिवट मुळांची गवते आणि बाभूळ, हिवर, बोर यांची काटेरी झुडपे हाच पुन्हा लागवड करणाऱ्यापुढील खरा अडसर असतो. उलट डोंगरउतारावरील मुरमाड जमीन उघडी पडली की थोड्याच पावसाळ्यांत धुपून जाते व तेथे कस आणि झाडोरा दोन्ही नष्ट होतात.

१८०२ ते १८२५ : ओस पडलेला मुलूख

१८०२ च्या सुमारास यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेशात केलेली लूट व त्यापाठोपाठ १८०३-०४ मध्ये पडलेला भीषण दुष्काळ यांमुळे हा संपन्न प्रांत उद्ध्वस्त झाला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत अरब शिबंदीचा जुलूम, पेंढारी व डोंगरी टोळ्यांचे हल्ले यांमुळे गावेच्या गावे उठून गेली. पाटबंधाऱ्यांची दुरुस्ती थांबली. १८१८ मध्ये मराठी राज्याचा अंत होऊन प्रांत कंपनीकडे आला, त्या वेळी कॅप्टन जॉन ब्रिग्ज हे खानदेशचे पोलिटिकल एजंट झाले. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात खानदेशाचा बराचसा भाग वाघांचा वावर असलेल्या दाट रानाने व्यापलेला असून त्यात जुन्या गावांचे अवशेष विखुरलेले आहेत, असे वर्णन आहे.

पुनर्वाढीच्या इतिहासात या नोंदीला महत्त्व आहे. काळ्या मातीच्या, एकेकाळी बागायती असलेल्या प्रदेशावर सुमारे पंधरा वर्षांत वाघास आश्रय देण्याइतके दाट झुडुपी रान उभे राहिले होते. अर्थात यास जुने वन म्हणता येणार नाही. बाभूळवर्गीय काटेरी वृक्ष, बोर, पळस व उंच गवत हेच अशा टप्प्यावर तापीकाठी माजतात. माणसाच्या दृष्टीने ते ओसाडीचे चिन्ह होते, तर जमिनीच्या दृष्टीने तो विसावा होता.

१८२५ मध्ये भिल्ल समाजाला लष्करी चाकरीत घेण्यासाठी खानदेश भिल्ल पलटण उभारण्यात आली. तिचे प्रमुख जेम्स आउट्राम होते व मुख्य ठाणे धरणगाव येथे होते. धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात असून आता जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. याच सुमारास स्थापन झालेल्या भिल्ल एजन्सींमार्फत जमीन व तगाई देऊन भिल्ल कुटुंबांना शेतीवर स्थिर करण्याचे प्रयत्न झाले. ज्या रानात वाघ आणि भिल्ल टोळ्या यांचा आश्रय होता, ते रान साफ करणे हे राज्यकर्त्यांच्या लेखी शांतता प्रस्थापनेचेच अंग होते.

पुन्हा लागवड

रान तोडून जमीन पुन्हा नांगराखाली आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. बैलांच्या अनेक जोड्या लावून चालविलेल्या जड लाकडी नांगराने कुंद्याची मुळे उपटावी लागत. १८५२ मध्ये जमीन मोजणीच्या वेळी एरंडोल, सावदा व फैजपूर भागात रयतेने मोठा विरोध केला. १८६० च्या दशकात लोहमार्ग जळगाव-भुसावळपर्यंत आला, तसेच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले. त्यानंतर तापीकाठच्या सपाट जमिनीवर पडीक क्षेत्र फारसे उरले नाही. पुढील काळात झाडोऱ्याची पुनर्वाढ डोंगराळ कडांपुरती सीमित झाली आणि सरपण, इमारती लाकूड व चराई यांचा सारा भार त्याच पट्ट्यावर पडला.

बारीपाडा

बारीपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील कोकणा आदिवासींचे लहान गाव आहे. बेसुमार तोडीमुळे गावाभोवतीचे वन उजाड झाले होते व पिण्याच्या पाण्यासाठी दूर जावे लागत होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी वनरक्षणाचा निर्णय घेतला. राज्य शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय १९९२ मध्ये काढला होता. त्याचा आधार गावाच्या प्रयत्नांना मिळाला. सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ११०० एकर वन गावाने राखले.

येथील पद्धतीचा गाभा झाडे लावण्यात नसून झाडे वाढू देण्यात होता. कुऱ्हाडबंदी व चराईवरील निर्बंध पाळले गेले. नियम मोडणाऱ्यास गावाने दंड ठरविला व पहारा ठेवला. जमिनीत शिल्लक असलेल्या खुंटांना व मुळांना धुमारे फुटून वन वाढीस लागले. जोडीला बांध व समतल चर खणून पाणी मुरविले. वन दाट होत गेले तसे गावातील विहिरींना पाणी टिकू लागले व भातासह इतर पिकांना त्याचा लाभ झाला. राखलेल्या वनात मिळणाऱ्या रानभाज्यांची पाककृती स्पर्धा येथे दरवर्षी भरते. वनाचे महत्त्व जेवणाच्या ताटातून जाणवून देणारा हा उपक्रम इतर ठिकाणीही अनुकरणीय ठरला. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

धुळे तालुक्यातील लामकानी येथे त्याहून कोरड्या परिस्थितीत चराईबंदी व मृदसंधारण यांच्या साहाय्याने उघड्या टेकड्यांवर गवताचे आवरण परत आणण्यात आले. कमी पावसाच्या मुरमाड उतारावर पुनर्वाढीचे पहिले यश गवताच्या रूपाने दिसते. तेथे वृक्षांच्या संख्येवरून यशापयश मोजणे दिशाभूल करणारे ठरते.

जगातील अभ्यास

ईशान्य भारतातील झूम शेतीचा सखोल अभ्यास पी. एस. रामकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेघालयात केला. पड काळाच्या आरंभी तणांचे राज्य असते, नंतर बांबू वाढतो व तो पालाश धरून ठेवतो, असे त्यांनी दाखविले. पूर्वी वीस-तीस वर्षांचे असलेले झूमचक्र अनेक भागांत पाच वर्षांवर आल्याने जमीन तणांच्या टप्प्यातून बाहेर पडण्यापूर्वीच पुन्हा जाळली जाते. चक्र किमान दहा वर्षांचे असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

लुरेन्स पूर्टर व अनेक देशांतील सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मध्य व दक्षिण अमेरिकेतील ४५ ठिकाणच्या दुय्यम वनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार वीस वर्षांत या वनांत दर हेक्टरी सरासरी १२२ टन जैवभार जमा होतो आणि जुन्या वनाच्या ९० टक्के जैवभार गाठण्यास मध्यमानाने ६६ वर्षे लागतात. याच गटाने २०२१ मध्ये अमेरिका खंड व पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणांच्या माहितीवरून पुढील कालमान दिले. प्रत्येक बाबतीत जुन्या वनाच्या ९० टक्के पातळी गाठण्यास लागणारा हा काळ आहे :

• मृदेचे गुणधर्म : दहा वर्षांहून कमी
• वनस्पतींची कार्यवैशिष्ट्ये : पंचवीस वर्षांहून कमी
• वनाची रचना व प्रजातींची विविधता : पंचवीस ते साठ वर्षे
• जैवभार व प्रजातींची मूळ घडण : एकशेवीस वर्षांहून अधिक

वीस वर्षांच्या दुय्यम वनात या सर्व गुणधर्मांची सरासरी जुन्या वनाच्या ७८ टक्के भरते. ही आकडेवारी प्रामुख्याने फार तीव्र वापर न झालेल्या जमिनींची आहे, हे लक्षात घ्यावे लागते. धुपलेल्या किंवा वारंवार जळणाऱ्या जमिनीस ती लागू पडत नाही. मृदा आधी सावरते आणि मूळच्या प्रजातींचे वन सर्वांत शेवटी परतते, हा क्रम मात्र यातून स्पष्ट होतो. दुय्यम वन हिरवे व दाट दिसू लागले म्हणजे मूळचे वन परत आले असे ठरत नाही, तसेच त्यात मूळच्या प्रजाती नाहीत म्हणून ते निरुपयोगीही ठरत नाही.

कायदा व धोरण

पडीक जमिनीवर आलेल्या रानाची कायद्यातील ओळख हा गुंतागुंतीचा विषय आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने शासनाकडे निहित झाली. कोकणातील वरकस जमिनींच्या बाबतीत पड कोणती व वन कोणते, यावरून दीर्घकाळ वाद चालले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा कोशगत अर्थ ग्राह्य धरला व मालकी कोणाचीही असली तरी वन संरक्षण कायदा लागू राहील असे स्पष्ट केले. त्यामुळे वनाला संरक्षण मिळाले. परंतु आपल्या जमिनीवर रान वाढू देणाऱ्या मालकापुढे ती जमीन पुढे वापरता येईल की नाही, असा प्रश्नही उभा राहिला.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांचा कायदा २००६ मध्ये झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवरील वैयक्तिक हक्क आणि सामूहिक वनाचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क त्यात मान्य झाला. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांच्या दृष्टीने हा कायदा महत्त्वाचा आहे. निश्चित आखून मिळालेल्या तुकड्यावर दरवर्षी पीक घ्यावे लागते. त्यामुळे पड टाकून कस राखण्याची मुभा तेथे राहत नाही आणि कसाची भरपाई शेणखत, बांधबंदिस्ती व कडधान्यांची फेरपालट यांतून करावी लागते. सामूहिक हक्काच्या क्षेत्रात मात्र काही भाग आळीपाळीने बंद ठेवून त्यास विश्रांती देणे ग्रामसभेस शक्य असते.

पडीक जमिनीवर वृक्षारोपण करावे की ती राखून नैसर्गिक पुनर्वाढ होऊ द्यावी, याविषयी जमिनीची पाहणी करून निर्णय घेणे इष्ट मानले जाते. जमिनीत जिवंत खुंट व मुळे असतील आणि जवळ बीजस्रोत असेल, तर कुंपण, पहारा व वणव्यापासून संरक्षण एवढ्याने काम भागते. तेथे खड्डे खणून एकाच जातीची रोपे लावल्यास आपोआप उगवलेली रोपे नष्ट होण्याचा धोका असतो. खुंट, मुळे व बीजस्रोत यांपैकी काहीच उरले नसेल, माती धुपून गेली असेल, तर आधी मृद व जलसंधारण, मग गवत व स्थानिक वृक्षांची लागवड हा क्रम योग्य ठरतो.

हे सुद्धा पहा

• स्थलांतरित शेती
• देवराई
• जांभा खडक
• फड पद्धती
• संयुक्त वनव्यवस्थापन
• सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
• खानदेश
• धरणगाव